झऱ्यातली पुरचुंडी

चमच्याचा दांडा झाकणाखाली घालून तिने जोर लावला, तसा डबा एकदम उघडला आणि विटकरी भुकटीचा एक फुत्कार तिच्या बोटांवर येऊन बसला. तिने श्वास रोखून धरला. ही भुकटी नाकात गेली तर आठवडाभर हिरव्या शिंका येतात, असं आई सांगायची. आणि आई असल्या गोष्टी इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगायची, की त्यात खरं किती आणि थाप किती, हे घरात कुणालाच कधी कळलं नाही.

झऱ्याच्या खोलीत भर दुपारीही तिन्हीसांजेसारखा उजेड असायचा. घराच्या मागे, टेकडीच्या पोटात अर्धी शिरलेली ही दगडी खोली. समोर भिंत नव्हतीच, उघडा खडक होता. त्या खडकाला हात उंच केला की पोचेल अशी एक भेग होती. भेगेतून पाणी यायचं, खडकावरून घरंगळत खालच्या हौदात पडायचं आणि हौदातून नळांनी सगळ्या गल्लीत जायचं. गल्लीचा चहा या पाण्याचा, गल्लीची धुणी या पाण्याची, आणि गल्लीतली भांडणंसुद्धा बहुतेक याच पाण्याची.

टिक.

तिचा हात हवेतच थांबला.

टिक… टिक.

आवाज भेगेतून येत होता. नेहमी तिथूनच यायचा. कुणी विचार करता करता कपावर नख वाजवत बसावं, तसा. आईला ती खोड होती. पाणी वाढलं की आवाज भराभर यायचा, उन्हाळ्यात कंटाळल्यासारखा एखादाच. आई होती तेव्हाही तो यायचा का, हे तिला काही केल्या आठवत नव्हतं, आणि त्या न आठवण्याचीच तिला जास्त भीती वाटायची. बाबांना विचारलं तर ते म्हणत, "नळात हवा अडकते." भेगेत नळ नव्हता. पाणी खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला एवढं कळू नये? मावशीला विचारलं तर ती म्हणे, "तुझी आईच ती. जिवंतपणी कधी एका जागी बसली नाही, आता बरी बसेल!" आणि मग स्वतःच घाबरून भर दिवसा दिवा लावे.

"बघू नकोस हं," ती भेगेकडे तोंड करून पुटपुटली. "तुझ्यासाठीच करतेय."

आणि तिने डबा हौदावर तिरका केला.

क्षणभर काहीच झालं नाही. भुकटी पाण्यावर तरंगत राहिली, गंजासारखी. मग तिच्यातून एक हिरवा धागा खाली उतरला, दुसरा उतरला, धाग्यांना फाटे फुटले, आणि बघता बघता सगळा हौद असा काही हिरवा झाला की खोलीचं छतसुद्धा उजळलं. तिने फक्त चिमूटभर टाकायचं ठरवलं होतं. चिमूट जरा मोठी झाली होती.

सकाळी चहाच्या वेळी हे सगळं ठरलं होतं, म्हणजे तिचं तिनेच ठरवलं होतं. बाबांनी फडताळातून तीन कप काढले, मग त्यातला एक परत ठेवला. हे रोजचंच होतं. दोघांपैकी कुणी त्यावर बोलत नसे.

"उद्याच्या मीटिंगमध्ये तुम्ही हो म्हणणार?" तिने विचारलं.

"मी हो किंवा नाही म्हणत नसतो. काय आढळलं ते सांगतो."

"काय आढळलं?"

"काही आढळलं नाही. तेच सांगणार."

टेकडीपलीकडची दगडाची खाण केव्हाच बंद पडली होती. आता तिच्यात कारखान्यांचा गाळ टाकायचं घाटत होतं. खाणीतलं पाणी मुरून झऱ्याला येत असेल तर तो टाकता येणार नव्हता. येत नसेल तर खुशाल टाका. येतं की नाही हे शोधायचा प्रयोग आईने केला होता. खाणीच्या तळाशी एक बीळ होतं, पाणी गिळणारं. त्यात तिने रंग ओतला आणि टेकडीभोवतीच्या झाडून सगळ्या झऱ्यांत कोळशाच्या पुरचुंड्या बांधल्या. डोळ्यांना दिसणार नाही इतका फिका झालेला रंगही कोळसा धरून ठेवतो. मच्छरदाणीचे तुकडे कापून त्या पुरचुंड्या आईने याच टेबलावर शिवल्या होत्या, आणि सगळ्या घरभर कोळशाची काळी बोटं उमटवली होती.

महिने गेले. कुठल्याच पुरचुंडीत काही सापडलं नाही. अजून थांबा, आई म्हणाली. "टेकडीच्या पोटातलं पाणी म्हणजे आपल्या ऑफिसातली फाइल. उशिरा येते, पण येते." मग ती आजारी पडली, आणि थांबायला तीच उरली नाही. त्याच खात्यात तिचे वरिष्ठ असलेल्या बाबांनी पुरचुंड्या काढून आणवल्या आणि प्रयोग बंद केला. अहवालात एकच ओळ: संबंध आढळला नाही. खाली आईचं नाव.

"म्हणजे आईच्या नावावर ते टेकडीच्या डोक्यात विष ओतणार," ती म्हणाली.

"प्रयोग तिचाच होता, तुडतुडे."

लहानपणापासून तिला ते असंच म्हणत. एका जागी ठरत नाही म्हणून.

"पण ती थांबा म्हणाली होती!"

बाबांनी कपातला चहा फिरवला. तो केव्हाच निवला होता.

"किती थांबायचं, ते सांगून गेली नाही ती."

तेव्हा तिला डबा आठवला. खुंटीवर आईचा रेनकोट अजून तसाच लटकत होता. मागून पाहिलं की खांदे भरलेले वाटायचे, म्हणून ती तिकडून जाताना नेहमी घाई करायची. रेनकोटाच्या मागे आईची कामाची पिशवी आणि पिशवीच्या तळाशी डबा. हिरव्या बोटांनी आई घरी यायची आणि मुद्दाम तिच्या कपाळावर ठसा उमटवायची, हे तिला लख्ख आठवत होतं. आईचा रंग हिरवा. तो आज नाही आला तर कधीच नाही. कुणीतरी त्याला बोलावून आणायला हवं होतं.

आता ती बेसिनपाशी उभी राहून साबणाने हात घासत होती. साबण संपत आला, हात काही पांढरे होईनात.

"अहो पाणीवाले साहेब!"

मावशी जिना चढत होती. ती तळमजल्यावर राहायची आणि तिचा आवाज तिच्याआधी एक मजला पुढे चालायचा. "बाहेर या आधी! हे बघा! माझ्या पांढऱ्या चादरी! पांढऱ्या होत्या हो, शपथ घेऊन सांगते. नळातून हे काय यायला लागलंय? अंगावर घेऊन झोपले तर सकाळी बेडूक होऊन उठेन मी!"

बाबा खोलीतून बाहेर आले. मावशीच्या हातातल्या चादरीतून पोपटी पाणी जमिनीवर ठिबकत होतं.

त्यांचा चेहरा कसा होईल, याच्या सतराशे साठ कल्पना तिने सकाळपासून केल्या होत्या. चकित होतील. रागावतील. कपाळावर हात मारून घेतील. पण जे झालं ते त्यात कुठेच नव्हतं. बाबा मावशीला ओलांडून अनवाणी जिना उतरले. पळतच. बाबांना पळताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

ती झऱ्याच्या खोलीत पोचली तेव्हा ते हौदाच्या कडेवर वाकले होते. बाहीसकट हात पाण्यात होता. पाणी तपासायला माणूस हात घालतो तसा नव्हे. तापाने झोपलेल्या माणसाच्या केसांतून फिरवावा तसा.

"आलीस," ते म्हणाले.

इतक्या हळू, की तिला ते ऐकू यायलाच नको होतं.

मावशी चादर घेऊन दारात येऊन थबकली. एरवी तिला गप्प करायला दोन माणसं लागायची. तिने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा भाचीकडे, भाचीने पाठीमागे लपवलेल्या हातांकडे.

"मी… परत धुते हं चादर," ती म्हणाली आणि निघून गेली.

बाबांनी हात बाहेर काढला. मग त्यांची नजर हौदावरून खडकावर चढली, खडकावरून भेगेपर्यंत गेली. त्यांनी ओंजळ उंच करून वरचं पाणी धरलं. ते ओंजळीत नितळ होतं, ओंजळीतल्या रेषा दिसाव्यात इतकं.

"वरून स्वच्छ येतंय," ते म्हणाले.

तिने पाठीमागचे हात आणखी आत लपवले.

"हात दाखव."

तिने दाखवले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हौदाच्या कडेवर बसले, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घालायचा विसरले.

"तुझ्या आईने खाणीत हिरवा टाकलाच नव्हता," ते म्हणाले. "हिरवा तिने आधी पलीकडच्या ओढ्यात वापरला होता. दोन्हींची गल्लत नको म्हणून खाणीत गुलाबी."

"गुलाबी?"

"तो हाताला लागू नये म्हणून हातमोजे घालायची. म्हणून तुला ठाऊक नाही."

तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग राहवेना.

"तुम्हाला तर ठाऊक होतं. मग तुम्ही 'आलीस' का म्हणालात?"

"विसरलो," बाबा म्हणाले.

खोलीत पाण्याचा आवाज तेवढा होता. आणि त्या आवाजाच्या आत, नेहमीसारखा, दुसरा.

टिक. टिक टिक.

"ही नळातली हवा नाही," ती म्हणाली. "आहे का, बाबा?"

"नाही."

बाबांनी कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि भेगेत कोपरापर्यंत हात घातला. त्यांना चाचपावं लागलं नाही. हात सरळ जागेवर गेला. त्यांनी हळूच एक तार बाहेर ओढली. तारेच्या टोकाला शेवाळलेली, काळपट, मुठीएवढी एक पुरचुंडी लोंबत होती. मच्छरदाणीची. खालच्या टोकाला वजन म्हणून आणखी काहीतरी शिवलेलं होतं, आणि तेच इतके दिवस खडकावर आपटत होतं. ते वळलं तेव्हा त्यात निळी पाकळी चमकली.

"माझी गोटी!"

"मागितली होती तिने. तू दिली नाहीस म्हणे. मग चोरली."

तिला हसू आलं आणि ते हसू भलतीकडेच वळलं. तिने हिरव्या हातांनी नाक पुसलं.

"पण तुम्ही तर सगळ्या पुरचुंड्या काढून आणवल्या होत्या."

"बाकीच्या माणसं पाठवून आणवल्या. ही घरची, म्हणून काढायचं काम माझ्याकडे होतं."

"मग?"

"गाठ सुटेना."

"तुमच्या खिशात पक्कड असते."

"असते," बाबा म्हणाले.

ते स्टुलावर तसेच उभे राहिले, एका हातात पुरचुंडी, दुसरा हात खडकावर टेकलेला. मग त्यांनी खिशातून पक्कड काढली. गाठ कापली नाही. गाठीच्या खाली, बोटभर अंतर सोडून तार तोडली. गाठ खडकावर तशीच राहिली.

"चल वर," ते म्हणाले. "तुझ्यासमोर बघू. यात काही नसेल, ते तुझ्या डोळ्यांनी बघ. म्हणजे हा विषय तरी संपेल."

स्वयंपाकघरात त्यांनी आधी स्वतःचे हात धुतले, बाटलीतल्या पाण्याने, कोपरापर्यंत, डॉक्टरांसारखे. तिला टेबलापासून दूर, दारात उभं केलं. "कशालाही हात लावायचा नाही." ते रागावून म्हणाले नाहीत. कामावर असल्यासारखे म्हणाले, आणि तिला एकदम बरं वाटलं. पुरचुंडी उसवून त्यांनी कोळसा धुतला, गोटी बशीत बाजूला ठेवली. फडताळातून कप काढला. पांढरा हवा होता. पांढरा म्हणजे तिसराच होता. त्यांचा हात त्या कपापाशी किंचित घुटमळला आणि मग त्यांनी तो उचलला. कोळसा कपात घातला, वर स्पिरिट आणि क्षाराचं द्रावण ओतलं. कोळसा ज्याला धरून बसतो, ते या द्रावणात सोडतो.

स्पिरिटचा वास घरभर झाला. त्या वासाबरोबर आईचं सगळं एकदम घरात शिरलं: मळके बूट, ओला रेनकोट, "कुणी माझी कात्री पाहिली का" हा कायमचा प्रश्न. तिने मागे वळून पाहिलं. रेनकोट खुंटीवरच होता.

"किती वेळ लागतो?"

"लागतो."

ती हात पाठीमागे धरून जवळ सरकली, आणि दोघं कपाकडे पाहत राहिले. खाली मावशी बादली आपटत होती आणि चादरीला उद्देशून काहीतरी बोलत होती. गल्लीत कुणाच्या तरी घरून "अहो, पाणी बघा!" असा ओरडा आला, मग दुसऱ्या घरून. बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"पोटात गेला तरी काही होत नाही ना या रंगाने?" तिने घाबरून विचारलं.

"पोटाला नाही होत. चादरींना होतं." ते बोलता बोलता थांबले.

कोळशाच्या कडेने, कपाच्या पांढऱ्या तळावर, काहीतरी उमटत होतं. आधी तिला वाटलं, खिडकीतलं ऊन असेल. बाबांनी कप खिडकीकडे सरकवला, मग उन्हापासून दूर, सावलीत. ते जिथे होतं तिथेच राहिलं. बोटाच्या नखाखाली असतो, तेवढाच गुलाबी.



"तो डबा आण," बाबा म्हणाले, आणि मग, "नको. मीच बघतो." ते खाली गेले, वर आले. डब्याचं झाकण लावलेलं होतं. "हा हिरवाच आहे. याव्यतिरिक्त पिशवीत काही होतं?"

"नाही. शप्पथ नाही."

"घरात?"

"बाबा, मला गुलाबी असतो हेच माहीत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. खुर्चीच्याच पाठीवर दोन्ही हात टेकून उभे राहिले.

"केव्हा आला असेल?" तिने विचारलं.

"कोळसा दिवस सांगत नाही. येऊन गेला, एवढंच सांगतो."

"म्हणजे आपण तो प्यायलो?"

"चहा केला असेल त्याचा," बाबा म्हणाले. "कपडे धुतले. तुझे केस धुतले. आपल्याला दिसला नाही इतकंच."

तिने टेबलावरच्या तीन कपांकडे पाहिलं. दोन सकाळपासून विसळायचे राहिले होते.

"मग आता ते टाकू शकत नाहीत! उद्या तुम्ही हा कपच नेऊन ठेवा त्यांच्या समोर!" ती उडीच मारणार होती. बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून पाय जमिनीवरच राहिले.

"उद्या मला हिरव्याचंही सांगावं लागेल," ते म्हणाले. "सगळ्या गल्लीने पाहिलाय. ते विचारतील, कुठून आला? मी सांगेन, माझ्या मुलीने टाकला. मग ते विचारतील, आणि हा गुलाबी?"

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. इतक्या उशिराने, अंधारातून वाट काढत आई घरापर्यंत आली होती. आणि बरोबर त्याच दारात आपण खोटी आई उभी करून ठेवली होती.

"मी येते उद्या," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा उंच नव्हता. "मीच सांगेन. माझे हात दाखवेन."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहावं तसं.

"ये," ते म्हणाले. "तरी एका पुरचुंडीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. खाणीत पुन्हा रंग ओतून नवी बांधावी लागेल. या वेळी त्यांचीही माणसं उभी करून, त्यांच्या देखत. ती बोलेपर्यंत खाणीला कुलूप."

"किती दिवस?"

 त्यांनी आईच्या टेबलाचा खण उघडला. तो घरात कुणी उघडत नसे, घासून उघडला. आतून मच्छरदाणीचा तुकडा काढला, दोऱ्याचं रीळ काढलं, आणि खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवायला लागले. चष्मा अजून खाली हौदाच्या कडेवरच होता. दोरा सुईच्या या बाजूने जायचा, त्या बाजूने जायचा. तिने जवळ जाऊन सुई घ्यायला हात पुढे केला, स्वतःची हिरवी बोटं पाहिली आणि मागे घेतला. बशीतली निळ्या पाकळीची गोटी बाबांनी न बघता स्वतःच्या खिशात टाकली होती. पक्कड असते त्या खिशात.

"तुडतुडे," ते सुईवरून नजर न काढता म्हणाले, "गोटी आहे का गं तुझ्याकडे एखादी?"

ती खोलीत गेली. पलंगाखालचा खोका ओढता ओढता थांबली आणि कान देऊन ऐकू लागली. घरामागे नुसतं पाणी पडत होतं. त्याच्या आत काहीच नव्हतं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच हे घर इतकं गप्प होतं, आणि तिला भेगेतल्या आवाजाची कधी वाटली नव्हती इतकी भीती त्या शांततेची वाटली.

तिने सगळ्या गोट्या जमिनीवर ओतल्या. एकेक तळहातावर तोलली. रंगाकडे पाहिलं नाही. सगळ्यात जड होती ती निवडली, आणि दाराबाहेर पडण्याआधी एकदा भिंतीच्या दगडावर वाजवून बघितली.